करंगळी आणि चोखणी

लेक सहा दिवसांची होती तेव्हा तिने माझ्या शर्टाचं बटण धरलं. धरलं म्हणजे तोंडात. मी तिला छातीशी घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होतो. तिने मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली, पिल्लासारखं तोंड वासलं आणि गालाने चाचपडत चाचपडत वरून दुसऱ्या बटणापाशी पोचली. दोनदा चोखून पाहिलं. मग क्षणभर थांबून जी काही किंकाळी फोडली! भर बाजारात फसवलेला माणूस ओरडेल, तसा तो आवाज होता.

घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. एक पिणारी, एक पाजणारी, एक आयुष्यात पाजून झालेली, आणि मी. दुपटी धुवायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, ढेकर काढायची, ही कामं माझ्याकडे होती. पण ज्या एका गोष्टीसाठी पोरगी टाहो फोडायची ती सोडून बाकी सगळं माझ्याकडे होतं. त्यामुळे ती रडायला लागली की घरातलं सगळ्यात निरुपयोगी माणूस मीच, हे दिवसातून दहा-बारा वेळा सिद्ध व्हायचं.

दहा-बारा वेळा हा आकडा अंदाजाने टाकलेला नाही. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. तेही तासांचं समान वाटप करून नव्हे. दुपारी तीन तास घोरेल आणि संध्याकाळी सहा ते नऊ सलग अंगावरच असेल. पुस्तकात याला ‘क्लस्टर फीडिंग’ असं टापटिपीचं नाव आहे. आमच्या खोलीत ते रात्री साडेआठला एकदमच रडणाऱ्या दोघींच्या रूपाने यायचं. एक सहा दिवसांची, दुसरी तिची आई.

आणि कपाटात चोखणी होती.

कुणीतरी भेट दिलेली. पारदर्शक सिलिकॉनची, मागे फुलपाखराच्या आकाराची ढाल, ढालीला दोन भोकं. (ती भोकं शोभेची नसतात. चुकून ढालीसकट सगळं तोंडात गेलं तर हवा आत जायला वाट राहावी म्हणून असतात.) मी ती रोज एकदा बाहेर काढून बघायचो आणि परत ठेवायचो. या वस्तूची नावं मोठी गमतीची आहेत. अमेरिकेत तिला ‘पॅसिफायर’, म्हणजे शांत करणारी, म्हणतात. यात आईबापांना काय मिळतं ते आलं. इंग्लंडात ‘डमी’ म्हणतात. निदान खोटी असल्याचं कबूल तरी करतात. मराठीत चोखणी. बाळ तिचं काय करतं तेवढंच सांगून आपली भाषा मोकळी. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिश्चन माइनेके नावाच्या माणसाने ढाल आणि कडी असलेल्या आजच्यासारख्या चोखणीचं पेटंट घेतलं, पण त्याआधी शतकानुशतकं लोक फडक्याची पुरचुंडी करून बाळाच्या तोंडात देतच होते. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५०६ सालच्या एका चित्रात खुद्द बाळ येशूच्या हातात तशी पुरचुंडी आहे. तेव्हा मी काही जगावेगळं पाप करायला निघालो नव्हतो, अशी माझी मीच समजूत घालत असे.

दवाखान्यातून निघताना सिस्टरने बजावलं होतं, “बाटली नको, चोखणी नको, महिनाभर तरी.” आईला विचारलं तर ती म्हणाली, “तुला काही चोखणी-बिखणी दिली नव्हती हो मी. अंगठा चोखायचास. पहिलीत जाईपर्यंत.” हे चोखणीच्या बाजूने की विरुद्ध, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

नववी रात्र. पावणेतीनचा सुमार. बायको दोन रात्रींच्या जागरणानंतर अशी झोपली होती की श्वास चालू आहे ना, हे मी वाकून बघितलं. लेक चुळबुळायला लागली. मूठ तोंडाकडे नेत होती, ओठांचा मुच्-मुच् आवाज करत होती, मान वळवत होती. रडत नव्हती. रडण्याच्या आधीच्या या सगळ्या खाणाखुणा म्हणजे भूक लागल्याचा निरोप, आणि रडणं हे तो निरोप कुणी वाचला नाही म्हणून शेवटी केलेली तक्रार, हे आज मला पाठ आहे. त्या रात्री मला एवढंच दिसलं, की ही आता रडणार आणि ती आता उठणार.

मी स्वयंपाकघरात जाऊन चोराच्या पावलाने पातेल्यात पाणी ठेवलं, चोखणी पाच मिनिटं उकळली, निववली आणि तिच्या ओठांना लावली. तिने डोळे मोठे केले. जीभ एकदा बाहेर, एकदा आत. आणि मग झटक्यात ओढून घेतली. ढाल खालीवर हलायला लागली, टुकटुक, टुकटुक, घड्याळाच्या काट्याहून जोरात. चार-पाच मिनिटांत पापण्या मिटल्या. मी तिच्याशेजारी बसून राहिलो. आयुष्यात इतकं कर्तबगार मला क्वचितच वाटलं असेल.

सात वाजेपर्यंत ती उठली नाही. पुढच्या दोन रात्रीही मी हेच केलं. बायकोला सांगितलं नाही. सकाळी ती उठायची तेव्हा गाऊन दुधाने भिजलेला असायचा आणि छाती दगडासारखी झालेली. लेकीला धरता येईना. स्तन असे तटतटून फुगले की स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही ताठरतो. बाळाला तो तोंडभर घ्यायचा असतो, आणि तो घेता न आल्याने ते टोकावरूनच घसरत राहतं. बायको कळवळायची, लेक चिडायची. मी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून द्यायचो, आणि रात्रीचं काही बोलायचो नाही.

बाराव्या दिवशी वजन केलं. जन्माचं वजन दोन किलो नऊशे ग्रॅम होतं. काट्यावर आलं दोन किलो सातशे दहा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दहा-पंधरा दिवसांत ते जन्माच्या आकड्याला परत पोचायला हवं. आमची लेक त्या वाटेवर नव्हती.

“रात्री किती वेळा पाजता?” डॉक्टरांनी विचारलं.

“रात्री झोपते हो आता ती,” बायको जरा कौतुकानेच म्हणाली. “सलग चार-चार तास.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. “दिवसाला शू किती वेळा होते?”

ते बायकोला नेमकं सांगता येईना. मला येत होतं, कारण दुपटी मी धुवायचो. पाचव्या दिवसानंतर सहा तरी ओली व्हायला हवीत, आमच्याकडे कालपासून चारच होत होती. ते सांगताना मग बाकीचंही सांगून टाकलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. लेक तेवढी तागडीत पाय झाडत होती.

डॉक्टर माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “हात धुऊन या. साबणाने. नखं कापलेली आहेत ना?” मग मला लेकीच्या तोंडात करंगळी घालायला लावली, नख जिभेकडे, पेर वर टाळूला टेकलेलं.

ही गोष्ट शब्दांत आणणं अवघड आहे. आत गरम होतं, आणि वरचा टाळू खरखरीत, छोट्या छोट्या आडव्या वळ्यांचा. बोट आत गेल्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग जीभ खालून वर आली, बोटाला पन्हाळीसारखी लपेटली आणि पुढून मागे एक लाट गेली. लगेच दुसरी. दात नसलेल्या त्या तोंडात एवढी ओढ असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बोट सुटून घशात जाईल की काय, असं वाटत होतं.

“मोजा,” डॉक्टर म्हणाले. मी मोजलं. सेकंदाला दोन.

“हे नुसतं चोखणं. आता घरी हिला पाजताना बघा. सुरुवातीला असंच भरभर चोखेल. पान्हा फुटला की वेग निम्मा होईल, सेकंदाला एक, आणि मधे गिळताना हलका आवाज येईल. तो येतो तोवर ती पितेय. परत भरभर सुरू झालं, गिळणं थांबलं, की जेवण आटोपलं, आता नुसता विरंगुळा.”

मग त्यांनी बायकोला समजावलं, पण बघत माझ्याकडे होते. पहिल्या काही आठवड्यांत बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनवायला शरीर शिकत असतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं खास मोलाचं. स्तनात दूध साठून राहिलं तर शरीर समजतं की मागणी नाही, आणि बनवणं कमी करतं. म्हणजे तीन रात्री माझी लेक मागणी नोंदवत होती, आणि मी ती सिलिकॉनच्या तुकड्यावर नोंदवून घेत होतो.

“चोखणीशी माझं वैर नाही,” ते म्हणाले. “कमी दिवसांच्या बाळांना नळीने दूध देताना आम्हीच तोंडात देतो. चोखायची सवय लागते, तोंडाने पिणं लवकर जमतं. पण हिचं वजन आधी जन्माइतकं होऊ दे. धरणं नीट बसू दे. तोवर हिला जे चोखायचं ते आईचंच. आणि रात्री तीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही. झोपली तरी उठवा.”

परतताना बायको गप्प होती. घरी आल्यावर चपलाही न काढता म्हणाली, “मला उठवलं का नाहीस?”

“तू इतकी झोपली होतीस...”

“ती उपाशी होती.” आणि थोड्या वेळाने, दुसऱ्याच कुठल्या कामात असताना, “माझी झोप-बीप काही नाही. तुला तिचं रडणं ऐकवत नव्हतं.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, अजूनही नाही.

पुढचे दहा दिवस मी मनगटी घड्याळाचा गजर लावून दोघींना उठवत होतो. शिक्षा म्हणून नव्हे, खरंच मला कामच मिळालं होतं. लेकीला जागं करायला पायाच्या तळव्यावर बोट फिरवायचं, दुपटं सोडायचं, तिला उघडी करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. अठराव्या दिवशी वजन जन्माच्या पुढे गेलं. त्यानंतर दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम या हिशेबाने वाढत राहिलं, आणि चोखणी कपाटातच राहिली.

त्या गजरांच्या मधल्या वेळात मी वाचत बसायचो. आपण केलं ते कितपत वाईट होतं, हे मला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर ते फार वाईट नव्हतं असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी स्तनपानाच्या दहा पायऱ्या मांडल्या. त्यातली नववी अगदी सरळ होती: अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीचं चोखायचं बूच नको, चोखणीही नको. २०१८ साली ही पायरी मऊ झाली. आता ती म्हणते की आईला बाटली, बूच आणि चोखणीचे उपयोग व धोके समजावून सांगा. मधल्या काळात बरंच काही घडलं होतं. बरेच अभ्यास सांगत होते की चोखणी वापरणारी बाळं अंगावरचं लवकर सोडतात. ते खरंही होतं. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माँट्रियलच्या संशोधकांनी २८१ आयांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला चोखणी टाळायला सांगितलं, रडणाऱ्या बाळाला शांत करायचे दुसरे उपाय शिकवले. तीन महिन्यांनी अंगावरचं तुटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. आणि गंमत अशी की त्याच आया गट बाजूला ठेवून नुसत्या ‘रोज चोखणी देणाऱ्या’ आणि ‘न देणाऱ्या’ अशा बघितल्या, तर पुन्हा ते जुनं नातं ठळक दिसत होतं. लंगडणाऱ्याच्या हातात काठी दिसते, म्हणून काठीमुळे माणूस लंगडतो असं आपण म्हणत नाही. ज्यांचं पाजणं आधीच अडखळत असतं, त्यांचाच हात चोखणीकडे जातो.

हे वाचून मी जवळपास सुटलोच होतो. मग अर्जेंटिनातला अभ्यास सापडला, २००९ सालचा. १,०२१ आया. एका गटाला चोखणी देऊन वापरायला सांगितली, दुसऱ्याला दिली नाही. तीन महिन्यांनी निव्वळ अंगावर पिणारी बाळं एका गटात ८५.८ टक्के, दुसऱ्यात ८६.२. फरक शून्यात जमा. मी बायकोला उठवून दाखवणार इतक्यात त्यात कुणाला घेतलं होतं ते वाचलं. अंगावर पाजायचा आयांचा निश्चय पक्का हवा, आणि बाळ पंधरा दिवसांचं होईतो जन्माच्या वजनावर परत आलेलं हवं. चोखणी त्यानंतर. म्हणजे आमची लेक त्या अभ्यासात बसलीच नसती. मी फोन बंद केला.

‘निपल कन्फ्यूजन’चं म्हणाल तर, म्हणजे चोखणीने बाळ गोंधळतं आणि छाती धरायला विसरतं म्हणतात ते, माझं मत असं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ही भीती अगदीच पोकळ नसते. छातीवर बाळाला जांभई दिल्यासारखा मोठा आ करावा लागतो, स्तनाग्र पार मागे मऊ टाळूपर्यंत जावं लागतं. चोखणीला ओठ मिटून पुढच्या पुढे काम भागतं. पण एकदा जमलेलं बाळ चोखणीने ते विसरतं, हे मला पटत नाही. आमची तर नक्कीच गोंधळली नाही. उलट पाचव्या आठवड्यात आम्ही दोघांनी ठरवून, दिवसाउजेडी, पाजून झाल्यावर चोखणी दिली तेव्हा तिने ती जिभेने ढकलून दिली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. तिसऱ्या वेळी थुंकून चेहरा असा केला की माझी आई पलंगावर बसून हसत सुटली. “बापाला ओळखलंन!” म्हणाली.

नवव्या रात्री जी वस्तू तिने अधाशासारखी ओढून घेतली होती ती आता तिला नको होती. पोट भरलेलं होतं, एवढाच काय तो फरक.

तरी आम्ही ती सोडून दिली नाही, त्याला कारण डॉक्टरच. झोपेत बाळ अचानक दगावण्याची, सिड्सची, शक्यता झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांमध्ये बरीच कमी आढळते, आणि नंतर ती तोंडातून पडली तरी हा फायदा राहतो. म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स २००५ पासून झोपताना चोखणी द्या म्हणते. अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र पाजणं नीट बसल्यावर. ज्या वस्तूसाठी मी बाराव्या दिवशी मान खाली घातली होती, तिचीच शिफारस पाचव्या आठवड्यात झाली. शिवाय सहाव्या आठवड्याच्या आसपास रडण्याचा कळस असतो, तो समोर दिसत होताच.

तिने घेतली ती सातव्या-आठव्या प्रयत्नाला, अर्धवट झोपेत. आमचे नियम फार नव्हते. आधी छाती, दोन्ही बाजू. मग ढेकर. मग दुपटं. हे सगळं झालं आणि तरी तोंड चाळवतंय, तरच चोखणी. झोपेत पडली तर परत कोंबायची नाही. गळ्यात दोरीने अडकवायची नाही, कधीच नाही. आईने एकदा “मधाचं बोट लावू का, पटकन घेईल” म्हटलं तेव्हा बायको आणि मी एकाच वेळी “नको!” असे ओरडलो की लेक दचकून रडायला लागली. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी एक विषबाधा, होऊ शकतो. आई दुपारभर रुसली होती. सहा महिन्यांनंतर चोखणी आवरती घ्यायची, कानाच्या दुखण्याला निमंत्रण नको म्हणून, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं, पण ते पुढचं पुढे.

परवाची गोष्ट. लेक आता अडीच महिन्यांची आहे. रात्री दोन वाजता चुळबुळली. मूठ तोंडाशी, ओठ मुच्-मुच्. चोखणी उशाशी होती. मी हात धुऊन आलो आणि करंगळी दिली. मोजलं. दोन. दोन. दोन. पण ओढ मात्र जोरदार, आणि बोटातून काही येत नाही म्हणून कपाळाला आठी. मी बायकोला हलवलं.

“भूक आहे.”

“खात्री?” डोळे न उघडता.

“खात्री.”

तिने कूस वळवून लेकीला जवळ घेतलं. लेकीने आ केला, धरलं, भरभर चोखलं, पान्हा फुटला, एक गिळलं, दुसरं गिळलं, चौथ्या घोटाला डोळे मिटले. मग परत सेकंदाला दोन, आणि मग तेही नाही. नुसतं तोंडात धरून घोरायला लागली.

बायकोने एक डोळा उघडला. “ही भूक होती?”

मी गप्प.

“आता तूच सोडव.”

नुसतं ओढून सुटत नाही, ओढलं की आईला कळ येते. आधी ती हवाबंद पकड मोडावी लागते. मी करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवली, हिरड्यांच्या मधे. फुस्स असा इवला आवाज आला. तोंड सुटलं आणि लगेच माझ्या करंगळीवर मिटलं.